फ्रीव्हीलच्या पोटात

दसऱ्याच्या सकाळी महाराष्ट्रात गल्लोगल्ली सायकली धुतल्या जातात. नळीनं जोरात पाणी मारून रिमवरचा चिखल काढायचा, मडगार्ड पुसायचं, हँडलला झेंडूची माळ घालायची, चेनकव्हरवर हळदकुंकू वाहायचं. पूजा मनापासून होते. मात्र त्या पाण्यातलं थोडं पाणी मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला बसवलेल्या मूठभर लोखंडात शिरतं आणि तिथंच राहतं. आत गंज धरायला लागतो, गंजात रस्त्याची धूळ मिसळते, जुन्या तेलात ती कालवली जाते. दिवाळीच्या सुट्टीत कधीतरी घरातलं पोर तक्रार घेऊन येतं, "बाबा, पॅडल मारतोय, पण सायकल पुढं जातच नाही."

कोपऱ्यावरच्या दुकानात निकाल लागतो: फ्रीव्हील गेलंय. शे-दीडशे रुपयांत नवं फ्रीव्हील चढतं, जुनं भंगाराच्या डब्यात पडतं. दुकानदाराची यात काही चूक नाही. फ्रीव्हील उघडून धुवून पुन्हा बसवायला तास-दीड तास लागतो आणि त्या वेळाची मजुरी नव्या फ्रीव्हीलपेक्षा जास्त होते. पूर्वी सायकलच्या ओव्हरऑइलिंगला मुलं ठेवलेली असत. छर्रे, कोन, वाट्या सगळं परातीत काढून धुतलं जाई आणि फ्रीव्हीलही त्यातच उघडलं जाई. आता ते दुकानाला परवडत नाही. घरात मात्र ते परवडतं, कारण घरच्या माणसाला रविवारच्या दुपारची मजुरी कोणी मागत नाही. भंगारात जाणाऱ्या फ्रीव्हीलांपैकी बरीचशी मेलेली नसतात, नुसती घाणीनं गच्च झालेली असतात. ती कुठली आणि खरोखर संपलेली कुठली, हे ओळखता आलं पाहिजे.

फ्रीव्हील म्हणजे एकात एक बसवलेली दोन कडी. आतलं कडं आट्यांनी मागच्या हबवर घट्ट बसलेलं असतं, म्हणजे ते चाकाबरोबरच फिरतं. बाहेरच्या कड्यावर चेनचे दाते असतात आणि ते बारीक छर्‍यांवर मोकळं फिरू शकतं. या दोघांमध्ये व्यवहार घडवून आणतात ते कुत्रे. कारागीर ज्यांना कुत्रे म्हणतात त्या पोलादाच्या नखाएवढ्या खिट्ट्या असतात. साध्या सायकलीत बहुधा दोन. त्या आतल्या कड्यातल्या खाचांत बसतात आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलत राहते. बाहेरच्या कड्याच्या आतल्या अंगाला करवतीसारखे तिरके दाते असतात. पॅडल पुढं मारलं की कुत्र्याचं टोक त्या दात्यात अडकतं आणि दोन्ही कडी एक होऊन चाक ओढतात. पाय थांबवले की कुत्रा दात्यावरून घसरत जातो आणि टिकटिक ऐकू येते. उतारावर पाय न हलवता सायकल पळते ती एवढ्याच कारणानं.

या छोट्या खिट्ट्यांवर येणारा भार मोजून पाहण्यासारखा आहे. जुन्या काळ्या, उंच सायकलीला पुढं 44 दात्यांचं चेनव्हील आणि मागं 18 दात्यांचं फ्रीव्हील असतं. पॅडलचा दांडा साडेसहा इंचांचा, तर चेनव्हीलची त्रिज्या साडेतीन इंचांची. साठ किलोचा माणूस चढावर उभा राहून एका पॅडलवर सगळं वजन टाकतो, तेव्हा दांडा आडवा असताना चेनमध्ये एकशेदहा किलोच्या आसपास ओढ निर्माण होते. ही सगळी ओढ फ्रीव्हीलच्या दात्यांतून दोन कुत्र्यांवर येते. कुत्रे केंद्राच्या आणखी जवळ असल्यानं त्यांच्या वाट्याला तर दोघांत मिळून दीड क्विंटलहून जास्त भार येतो. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या जवळपास, म्हणजे एका किलोमीटरला हे फ्रीव्हील सुमारे साडेचारशे फेरे घेतं. चार किलोमीटरवरच्या शाळेत जाऊन-येऊन रोजचे साडेतीन हजारांहून जास्त फेरे झाले. इतकं काम करणाऱ्या वस्तूला वर्षातून एकदा दोन थेंब तेल मिळायला हरकत नाही.

सायकल जन्मली तेव्हा ही सोय तिला नव्हती. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या विल्यम व्हॅन अँडन यानं 1869 साली फ्रीव्हीलचं पेटंट घेतलं होतं, पण त्या काळी पॅडल पुढच्या चाकालाच जोडलेली असत आणि कल्पना तशीच पडून राहिली. मोठ्या पुढच्या चाकाच्या सायकलीवर उतार आला की स्वार पाय उचलून हँडलवर टाकत, कारण खाली पॅडल वेड्यासारखी फिरत असत. 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यानं मागच्या चाकाला चेन जोडलेली रोव्हर सायकल आणली. आजच्या सायकलीचा बांधा तिथून ठरला. तरीही तिच्यात चाक आणि पॅडल पक्के बांधलेले होते. उतारावर पाय ठेवण्यासाठी पुढच्या चिमट्याला खुंट्या लावलेल्या असत. फ्रीव्हील रुळलं ते एकोणिसावं शतक संपता संपता, आणि त्याच्याबरोबर चांगल्या ब्रेकची गरजही आली. आधी पाय आवरून वेग कमी करता येत होता. आता पाय मोकळे झाले, तेव्हा थांबवायला वेगळी सोय हवी झाली. ट्रॅकवरच्या शर्यतींच्या सायकलींना आजही फ्रीव्हील नसतं आणि ब्रेकही नसतो.

गिअरच्या सायकलींमुळे जगभर माहीत झालेल्या शिमानो कंपनीची सुरुवात फ्रीव्हीलनंच झाली. जपानमधलं साकाई हे पिढ्यान् पिढ्या पाती आणि बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचं शहर. तिथं शोझाबुरो शिमानो यांनी 1921 साली लोखंडकामाचा छोटा कारखाना काढला आणि पुढच्या वर्षापासून '3.3.3.' या नावानं फ्रीव्हील बनवायला घेतलं. पोलाद किती तापवायचं आणि कसं विझवायचं, हे ज्यांच्या हातात आहे त्यांनाच हा भाग जमतो. कड्याचा पृष्ठभाग कडक हवा आणि गाभा चिवट हवा. नुसता कडक असेल तर तडकेल, नुसता मऊ असेल तर झिजेल. पाती घडवणाऱ्या गावात फ्रीव्हील तयार झालं, यात नवल नाही.

आपल्याकडं स्वातंत्र्याआधी सायकल म्हणजे बहुतेक विलायती माल: रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर, फिलिप्स. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. पुढं मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला ॲटलास असे कारखाने उभे राहिले. फाळणीच्या सुमारास कमालियाहून अमृतसरला आणि मग लुधियानाला आलेल्या मुंजाल बंधूंनी सुट्या भागांच्या व्यापारातून 1956 साली हीरो सायकल्स उभी केली. फ्रीव्हीलसाठी त्याच समूहानं हायवे सायकल्स हा वेगळा कारखाना काढला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सायकल दुकानात आज फ्रीव्हीलचा पुडा उघडला, तर तो बहुधा लुधियानाचाच असतो.

सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं नाव देशभर झालं. नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला, डबलसीटला हटकणारा पोलीस, तासाच्या भाड्यानं मिळणारी सायकल, डायनॅमोचा दिवा, हे सगळं त्या पिढीच्या बोलण्यात अजून येतं. कर्वेनगरमधल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात त्या काळच्या कितीतरी सायकली जपून ठेवलेल्या आहेत. त्या पाहाव्यात, आणि मागच्या चाकाशी जरा थांबावं. डौल, घंटा, दिवे बदलत गेले, पण हबवर आट्यांनी बसणारं फ्रीव्हील फारसं बदललेलं नाही. चेनच्या कड्यांमधलं अंतर तेव्हाही अर्धा इंच होतं आणि आजही अर्धा इंचच आहे. म्हणून आजोबांच्या सायकलीला नातवाच्या काळातलं फ्रीव्हील बसू शकतं. यंत्रांच्या जगात इतकी जुनी सोयरीक फार थोड्या वस्तूंच्या नशिबी येते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी रोग ओळखावा. बाकीच्या भागांचे दोषही फ्रीव्हीलच्या माथी मारले जातात, म्हणून घाई करू नये.

पॅडल मोकळं फिरतं आणि चाक घेत नाही, कधी घेतं, कधी सोडतं. असं झालं की कुत्रे आपल्या खाचेत चिकटून बसलेत किंवा स्प्रिंग तुटली आहे. हा सगळ्यात धोक्याचा दोष. रहदारीत माणूस उभा राहून जोर लावतो, कुत्रा सुटतो, पाय एकदम खाली जातो आणि स्वार दांडीवर आदळतो. दुसरा प्रकार याच्या उलटा: सायकल हातात धरून पुढं ढकलली तरी पॅडल आपोआप फिरतात, उतारावर पाय थांबवले की वरची चेन सैल पडून लोंबते. म्हणजे बाहेरचं कडं आतल्या कड्यावर जाम झालंय. दोन्ही दोषांचं मूळ बहुधा एकच, आतला चिकट मळ, आणि दोन्ही घरी बरे होतात.

चेन जोर लावताना उडी मारत असेल, कड-कड आवाज करत दाते सोडत असेल, तर गोष्ट निराळी. तिथं दाते पाहावेत. नव्या फ्रीव्हीलचा दाता दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला एका बाजूला खाल्लेला आणि टोकाला वाकलेला दिसतो. ही झीज भरून येत नाही. काही जण कानशीनं दाते पुन्हा आकारात आणायला बघतात. तसं करू नये. दात्याचा कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो. कानशीनं तो थर गेला की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं आणि थोड्याच दिवसांत दाता पहिल्यापेक्षा वाईट होतो. चेनव्हील पालथं घालून वापरण्याची जुनी युक्ती इथं चालत नाही, कारण फ्रीव्हील एकाच बाजूनं बसतं आणि एकाच दिशेनं ओढतं. इथं नवं फ्रीव्हील घेणंच शहाणपणाचं.

हाताला लागणारा हेलकावा हा चौथा प्रकार. चाक फिरवून मागून पाहिलं की फ्रीव्हील किंचित डावी-उजवीकडं झुलताना दिसतं. थोडासा झोल नव्यातही असतो, त्याची काळजी करू नये. पण हातानं धरून हलवल्यावर खडखड वाजत असेल, तर छर्रे किंवा त्यांची वाट झिजली आहे. त्यातही आधी मागच्या हबचे कोन तपासावेत, कारण बरेचदा सैल असतो तो हब.

कानाचीही मदत घ्यावी. मागचं चाक उचलून जोरात फिरवावं. टिकटिक एकसारखी आणि स्वच्छ असेल तर आतली तब्येत ठीक. आवाज बसका झाला, मध्येच तुटू लागला किंवा बंदच पडला, तर कुत्रे घाणीत रुतले आहेत. पुष्कळांना आवाज बंद झाला की सायकल सुधारली असं वाटतं. प्रत्यक्षात ती धोक्याची पहिली सूचना असते.

पहिला उपाय फ्रीव्हील न उघडता करायचा. चेन उतरवून सायकल डाव्या कुशीवर आडवी ठेवावी, म्हणजे फ्रीव्हील वर येतं. बाहेरच्या फिरणाऱ्या कड्यामध्ये आणि आतल्या स्थिर भागामध्ये एक बारीक फट दिसते. तिच्यात चमचाभर रॉकेल सोडावं. रॉकेल मिळेनासं झालंय, तेव्हा डिझेल चालेल. पेट्रोल नको. दिवाळीच्या दिवसांत अंगणात पणत्या असतात, तिथून हे काम दूरच करावं. खाली जुनी चादर अंथरावी आणि रिमवर चिंधी गुंडाळावी. तेल रिमला लागलं तर ब्रेक धरणार नाही. मग फ्रीव्हील हातानं उलटं फिरवत राहावं. थोड्या वेळानं काळा गाळ खालच्या बाजूनं हबवर उतरतो. पुसायचं, पुन्हा सोडायचं, पुन्हा फिरवायचं. गाळ काळ्याचा करडा आणि करड्याचा स्वच्छ होईपर्यंत हे चालू ठेवायचं. टिकटिक परत आली की रात्रभर निथळू द्यावं आणि सकाळी शिलाई मशीनचं तेल दोन-चार थेंब सोडावं. बंद पडलेल्या बऱ्याच फ्रीव्हीलांना एवढं पुरतं.

तेलाच्या बाबतीत मराठी घरात एक मोठी गफलत होते, म्हणून थोडं थांबून सांगायला हवं. हाताशी असतं म्हणून खोबरेल तेल घातलं जातं. पहिले काही दिवस चाक लोण्यासारखं फिरतं. पण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं. पुण्या-नाशकाकडं, विदर्भात, मराठवाड्यात डिसेंबरच्या पहाटे पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. स्नानघरातली बाटली जशी गोठते, तसंच फ्रीव्हीलच्या पोटातलं तेलही गोठतं. सकाळी सातला शाळेला निघालेल्या मुलीची सायकल चाक घेत नाही, दुपारी उन्हात तीच सायकल बरी चालते आणि दुकानदाराला दोष दिसत नाही. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल गोठत नसलं तरी हवेनं हळूहळू चिकट होत जातं आणि कुत्र्यांना खाचेत डकवून टाकतं. गॅरेजमधून आणलेलं काळं, वापरलेलं इंजिन ऑइल तर घालूच नये; त्यात धातूचा कीस असतो. ग्रीसही जपून. छर्‍यांच्या वाटेत पातळ हातानं चालेल, पण कुत्र्यांवर दाट ग्रीस थापलं तर केसाएवढ्या स्प्रिंगला ते ढकलवत नाहीत.

धुवूनही काम झालं नाही तर उघडायचं. भीती वाटण्यासारखं त्यात काही नाही. मात्र घाई, अंधार आणि उघडी फरशी या तीन गोष्टी टाळाव्यात. छर्रे इंचाच्या आठव्या भागाएवढे, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरपेक्षाही थोडे लहान असतात, आणि फरशीवरून घरंगळले की कपाटाखालून परत येत नाहीत. मोठी परात, तिच्यात पांढरं फडकं, एक लोहचुंबक, चिमटा, पंच, मध्यम वजनाची हातोडी आणि डोळ्यांवर चष्मा एवढी तयारी हवी. कडक पोलादावर हातोडी बसते तेव्हा कपचा उडू शकतो, म्हणून चष्म्यात कुचराई नको.

फ्रीव्हील हबवरून न काढता, चाकासकट परातीवर धरून उघडणं सोपं जातं, कारण चाक स्वतःच त्याला पक्कं धरून ठेवतं. ॲक्सलचा नट, वायसर काढले की फ्रीव्हीलच्या तोंडावर एक चपटी चकती दिसते. तिला दोन छोटी छिद्रं असतात. हिचे आटे उलटे असतात. नेहमीप्रमाणं डावीकडं फिरवली तर ती आणखी आवळते. उघडण्यासाठी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायची. पंच छिद्रात तिरका टेकवायचा आणि हातोडीचे हलके, नेमके ठोके द्यायचे. एकदा हलली की पुढं बोटांनी निघते. हलली नाही तर डिझेल सोडून रात्रभर ठेवावी. छिद्रं फाटली की मग ती निघणार नाही.

चकतीखाली एक-दोन कागदासारख्या पातळ चकत्या असतात. त्या नीट बाजूला ठेवाव्यात, त्यांचं काम पुढं आहे. आता वरच्या ओळीचे छर्रे दिसतात. मोबाइलनं फोटो काढावा, छर्रे चुंबकानं उचलून मोजून वाटीत ठेवावेत. मग बाहेरचं कडं हळूच वर उचलायचं. याच क्षणी खालच्या ओळीचे छर्रे परातीत गळतात आणि स्प्रिंगच्या जोरानं कुत्रे बाहेर येतात. कुठला कुत्रा कुठं होता आणि स्प्रिंग कुठल्या खाचेत होती, याचा फोटो कडं उचलताच घ्यावा.

सगळं डिझेलमध्ये जुन्या दात घासायच्या ब्रशनं धुवून पुसलं की खरी तपासणी. कुत्र्याचं टोक उजेडात धरावं. धार सरळ आणि टोकदार असेल तर चांगला. टोक गोल झालं असेल, कोपरा उडाला असेल, तर तो पुन्हा वापरू नये. तो ऐन वेळी सुटणार. बाहेरच्या कड्याच्या आतल्या दात्यांचंही तसंच. छर्रे ज्या वाटेवर फिरतात तिच्यावरून नख फिरवावं. नख अडखळलं तर तिथं खड्डे पडलेत. थोडे असतील तर नव्या छर्‍यांवर काही काळ निभावतं, जास्त असतील तर फ्रीव्हील खरंच संपलं. छर्रे स्वस्त असतात, म्हणून जुने पुन्हा घालू नयेत, सगळे एकदम बदलावेत. काही नवे, काही झिजलेले असं केलं तर भार फक्त नव्यांवर येतो.

जोडताना सगळ्यांचे हात जिथं अडखळतात ती जागा म्हणजे कुत्रे. ते स्प्रिंगनं बाहेर आलेले असतात आणि कडं खाली उतरू देत नाहीत. एका हातानं दोन कुत्रे दाबायचे, दुसऱ्यानं कडं बसवायचं आणि खालचे छर्रे सांडू द्यायचे नाहीत, हे जमणं अवघड. जुने मिस्त्री यासाठी शिवणाचा दोरा वापरतात. खालच्या वाटेत ग्रीसचा पातळ थर देऊन छर्रे त्यात टेकवायचे, म्हणजे ते जागचे हलत नाहीत. मग कुत्र्यांना बोटानं खाचेत दाबून आतल्या कड्याभोवती दोऱ्याचा एक वेढा द्यायचा आणि दोऱ्याचं टोक वर मोकळं ठेवायचं. कडं वरून सरळ खाली बसवायचं. बसलं की दोरा हलकेच ओढून काढायचा. कुत्रे बाहेर येतात, आणि आतून दोन टिक ऐकू येतात. घरच्या दुरुस्तीतला हा सगळ्यात समाधानाचा क्षण म्हणायला हरकत नाही.

वरच्या वाटेत छर्रे घालताना वाट गच्च भरू नये. थोडी फट राहिलीच पाहिजे, नाहीतर छर्रे एकमेकांना घासून अडतात. मग पातळ चकत्या आणि शेवटी तोंडाची चकती, घड्याळाच्या उलट दिशेनं आवळून. खडखड वाजणारं सैल फ्रीव्हील दुरुस्त करायचं असेल तर पातळ चकत्यांपैकी एकच काढून पाहायची. एक काढल्यावर झोल गेला आणि कडं मोकळं फिरतंय, तर काम झालं. जड फिरायला लागलं तर ती परत घालायची. नवं फ्रीव्हील घेण्याचा खर्च अनेकदा या एका चकतीनं वाचतो.

सायकल रस्त्यावर नेण्याआधी परीक्षा घ्यायची. मागचा ब्रेक दाबून धरायचा आणि शेजारी उभं राहून पॅडलवर पायानं पूर्ण जोर द्यायचा. मग पॅडल थोडं मागं नेऊन पुन्हा. असं पूर्ण फेरा होईपर्यंत प्रत्येक जागी. कुत्रे दर वेळी वेगळ्या दात्यात पडतात, म्हणून एका जागी धरलं एवढ्यावर विसंबू नये. एकदाही घसरलं तर त्या फ्रीव्हीलवर मुलाला बसवू नये. हा नियम सक्तीचा.

फ्रीव्हील बदलायचंच झालं तर एक गोष्ट आधी लक्षात ठेवावी: चाकाच्या तारा शाबूत असताना ते काढायचं. पॅडलच्या प्रत्येक फटक्यासरशी फ्रीव्हील हबवर आवळत गेलेलं असतं आणि वर्षानुवर्षांचा तो आवळा सोडवायला तरफ म्हणून चाकच उपयोगी येतं. रिम बदलायची म्हणून तारा आधी तोडल्या, की हातात नुसता हब उरतो आणि त्यावरून फ्रीव्हील काही केल्या निघत नाही. फ्रीव्हीलच्या तोंडाच्या खाचांत बसेल असा पाना घ्यावा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी असे पाने आणि चांगले व्हाइस स्वस्तात मिळून जातात. पाना खाचांत बसवून त्यावर ॲक्सलचा नट हलका लावायचा म्हणजे पाना खाचेतून निसटत नाही, मग चाकासकट पाना व्हाइसमध्ये पक्का धरायचा आणि स्टिअरिंग फिरवावं तसं चाक दोन्ही हातांनी डावीकडं फिरवायचं. एकदा सुटलं की नट ढिला करायचा आणि मग काढायचं. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावावं आणि पहिले काही फेरे फक्त बोटांनी द्यावेत. जबरदस्तीनं वाकडं चढवलेलं फ्रीव्हील हबचे आटे कापून टाकतं, आणि मग शे-दीडशेच्या वस्तूपायी सगळा हब जातो.

फ्रीव्हील बदलताना चेनही मोजावी. एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक अखंड कडी धरली, तर नव्या चेनच्या अशा बारा कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्यांची लांबी अष्टमांश इंचानं वाढलेली दिसली तर ती चेन संपली. ताणलेल्या चेनवर नवं फ्रीव्हील चढवलं तर त्याचे दाते जुन्यासारखेच लवकर वाकतात. घरोघरी 'नवं टाकलं तरी उडी मारतंय' अशी जी तक्रार असते तिचं कारण बहुतेक वेळा चेन असते.

गिअरच्या सायकलींचं थोडं वेगळं. शिमानोनं 1978 साली कुत्र्यांची यंत्रणा हबमध्येच सामावणारं फ्रीहब आणलं आणि महागड्या सायकली तिकडं वळल्या. स्वस्त गिअरच्या सायकलींना मात्र अजून आट्यांवर बसणारं सहा-सात चकत्यांचं फ्रीव्हीलच असतं. त्यांच्या पोटातही तेच कुत्रे आणि तेच छर्रे असतात. धुण्याची आणि तेलाची रीत तीच, उघडणं मात्र नवशिक्यानं साध्या सायकलीवर हात बसल्यावरच करावं. या सायकलींत उजवीकडचे हबचे छर्रे आत सरकलेले असल्यानं ॲक्सलचा बराच भाग आधाराविना राहतो आणि खड्ड्यांत वाकतो. चाक डगमगतंय म्हणून फ्रीव्हील बदलण्याआधी ॲक्सल सपाट फरशीवर लोळवून पाहावा.

हा सगळा प्रपंच शौकीन सायकलस्वारांपुरता नाही. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात 125 मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे दिले जातात. 2022 साली ती रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. चांगली योजना आहे. पण कच्च्या रस्त्यावरची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल पहिल्या वर्षातच फ्रीव्हीलमध्ये शिरतो, आणि जवळचं दुकान तालुक्याच्या गावी असलं की चमचाभर डिझेलनं सुटणाऱ्या दोषापायी सायकल भिंतीला टेकून उभी राहते. तोवर मुलगी चालत शाळेत जाते, किंवा जात नाही.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला तो हातानं काम करत शिकण्याच्या विचारावर, आणि तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांपर्यंत गेला. शाळेत असं शिकवता येतं हे त्यानं दाखवून दिलं आहे. ज्या शाळेच्या आवारात सायकली उभ्या असतात, त्या प्रत्येक शाळेत एक व्हाइस, फ्रीव्हील काढायचा पाना, पंच, हातोडी, आठव्या इंचाच्या छर्‍यांची पुडी आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली असावी. कार्यानुभवाच्या तासाला भंगारातून आणलेली चार फ्रीव्हीलं मुलींच्या हातात द्यावीत आणि त्यांनाच ती उघडून पुन्हा जोडू द्यावीत. हा खर्च गावातलं एखादं मंडळ किंवा माजी विद्यार्थी सहज उचलू शकतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतील तेव्हा मुख्याध्यापकांकडं ही मागणी जरूर करा.